छोटा बी, मोठा बी

मंडळी, या शनिवारी जरा हिशोबाचं बोलू या. घाबरू नका, आठचा पाढा येत असेल तर पुढचं सगळं समजेल.

"आमच्याकडे शंभर एमबीचं नेट आहे." हे वाक्य मी, तुम्ही, सोसायटीचे सेक्रेटरी, नेट बसवायला येणारा मुलगा, सगळेच बोलतो. गंमत म्हणजे यातून नक्की काय आहे ते कळतच नाही. सेकंदाला शंभर मेगाबिट असेल किंवा सेकंदाला शंभर मेगाबाइट असेल. एक बाइट म्हणजे आठ बिट, त्यामुळे या दोन अर्थांत आठपट फरक पडतो. शेर आणि अर्धा पावशेर यांच्यात जेवढा फरक तेवढा. वाणी शेराचे पैसे घेऊन अर्धा पावशेर साखर द्यायला लागला तर आपण दुकान डोक्यावर घेऊ. नेटच्या बाबतीत मात्र आपण "एमबी" म्हणतो आणि सोडून देतो.

जाहिरातीतलं एमबीपीएस हे कायम बिटचं असतं. इंग्रजीत लिहिताना त्यातला बी छोटा काढतात. कॉम्प्युटरवर फाइल उतरताना जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा बाइटचा असतो, त्यातला बी मोठा. म्हणून शंभरचा प्लॅन घेणाऱ्याला डाउनलोडच्या खिडकीत फार तर साडेबारा दिसतात. मग तो कस्टमर केअरला फोन लावतो, तिकडून "सर, राउटर एकदा बंद करून चालू करा" असं उत्तर येतं, आणि दोघांचीही वीस मिनिटं वाया जातात.

आता हे दोन बी आले कुठून? 'बिट' हा शब्द छापील स्वरूपात गाजला तो क्लॉड शॅननच्या १९४८ सालच्या पेपरमुळे. शब्द सुचवल्याचं श्रेय त्याने स्वतःच जॉन टूकी याला दिलं आहे. 'बाइट' आला १९५६ च्या सुमारास, आयबीएमच्या स्ट्रेच नावाच्या मशिनवर काम करणाऱ्या वर्नर बुकहोल्ट्झकडून. इंग्रजीत चावा घेणे या अर्थाचा जो शब्द आहे त्याचंच स्पेलिंग मुद्दाम बदलून त्यात वाय घातला. का? तर कोणी घाईत एक अक्षर गाळलं की त्याचा चुकून 'बिट' होऊ नये म्हणून! म्हणजे हा घोटाळा होणार हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्याने बिचाऱ्याने बंदोबस्तही केला. आणि नंतरच्या लोकांनी दोन्ही शब्दांचं संक्षिप्त रूप काय ठेवलं, तर बी आणि बी. एक छोटा, एक मोठा. धन्य!

वेग बिटमध्येच का मोजतात, याला मात्र कारण आहे. सुरुवातीला बाइट आठ बिटचा असतो असं काही ठरलेलंच नव्हतं. सहा बिटचं अक्षर वापरणारी मशिन्स होती. १९६४ ला आयबीएमचं सिस्टिम ३६० आलं आणि मग हळूहळू आठवर सगळ्यांचं एकमत झालं. तारवाले लोक तर त्याच्या कितीतरी आधीपासून काम करत होते. एमिल बोदोचा टेलिग्राफचा कोड पाच खुणांचा होता. तारेतून एकामागून एक खुणा जातात, त्या मोजायच्या, पलीकडचा माणूस त्यांचे पाचाचे गठ्ठे बांधो की आठाचे, तारेला काय त्याचं? नेटवर्कवाले आजही त्याच घराण्याचे. इंटरनेटच्या प्रोटोकॉलच्या कागदपत्रांत तर 'बाइट' शब्द टाळून 'ऑक्टेट' लिहायची पद्धत आहे, म्हणजे आठाचा गठ्ठा, शंकाच नको. फ्रेंच लोकांनी तोच शब्द रोजच्या वापरात घेतला. त्यांच्याकडे फाइलचा आकार मेगाऑक्टेटमध्ये असतो आणि संक्षेपात 'एमओ' लिहितात. नेटचा वेग बीने आणि फाइलचा आकार ओने. भांडणच मिटलं.

आणि आपण? आपल्याकडे तर दुष्काळात तेरावा महिना. इंग्रजीत निदान छोटा-मोठा बी असा भेद लिहिण्यापुरता तरी आहे. देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल हा प्रकारच नाही. (याबद्दल मी एरवी देवाचे आभार मानतो. पासवर्ड सांगताना "एन कॅपिटल" म्हणावं लागणाऱ्या जगात आपली लिपी सुखी आहे.) पण त्यामुळे मराठी पेपरात 'एमबी' छापलं की ते बिट का बाइट हे वाचणाऱ्याला कळायचा मार्गच उरत नाही. बोलण्यात तर कुठल्याच भाषेत कळत नाही, कारण कॅपिटल अक्षर जोरात बोलायची काही पद्धत नाही. त्यामुळे माझं पहिलं म्हणणं हे की मराठीत लिहिताना 'एमबीपीएस' ही भानगडच नको. 'सेकंदाला १०० मेगाबिट' असं पूर्ण लिहा. चार अक्षरं जास्त जातील. जाऊ देत.

"अरे, पण सामान्य माणसाला काय करायचंय? त्याचे व्हिडिओ न अडकता चालले की झालं." हा आक्षेप मला ऑफिसमधल्या निदान तीन जणांनी ऐकवला आहे. नुसतं बघणाऱ्यांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खराही आहे. पण नेटवरून पाठवणारेही लोक असतात.

माझा एक मामेभाऊ सांगलीला लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. एका लग्नाचं साधारण ६० जीबी शूटिंग. ते तो पुण्यातल्या एडिटिंग करणाऱ्याला नेटवरून पाठवतो. त्याने सेकंदाला ५० मेगाबिटचं कनेक्शन घेतलं, अपलोडलाही तोच वेग. त्याचा हिशोब सरळ होता. ६० हजार एमबी भागिले ५० म्हणजे १२०० सेकंद, म्हणजे वीस मिनिटं. प्रत्यक्षात लागले पावणेतीन तास. दादा भडकला. केबलवाल्याला फोन करून "तुम्ही लोक चोर आहात" इथपर्यंत सुनावलं, दोन महिने बिल भरलं नाही, मग त्या माणसाने कनेक्शन तोडलं. ऐन लग्नसराईत! दिवाळीत मी तिकडे गेलो तेव्हा कागदावर मांडून दाखवलं. ६० जीबी म्हणजे ४ लाख ८० हजार मेगाबिट, भागिले ५० म्हणजे ९६०० सेकंद, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. केबलवाला प्रामाणिक निघाला. दादाने फोन करून मिटवलं, कनेक्शन परत सुरू झालं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. उन्हाळ्यात परत गेलो तर दादा निवांत. "आता सेकंदाला दीड दिसतं. पण ते तुझं ते बिट-बाइटचं असतं ना, मला माहितीये." मी म्हटलं, दादा, पन्नासला आठने भागून सव्वासहा येतात, दीड नाही! दीड म्हणजे बारा मेगाबिट. तो कित्येक आठवडे पैसे पूर्ण भरून पाव वेग घेत होता, आणि या वेळी मात्र त्याची तक्रार नव्हती.

मला या सगळ्यात हे सर्वात जास्त खटकतं. गोंधळामुळे प्रामाणिक माणूस चोर ठरतो, हे झालंच. पण त्याच गोंधळामुळे खरी कमतरताही लपून जाते. "आकडा नेहमी कमीच दिसतो" एवढंच गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलं की कमी म्हणजे किती कमी हे कोणी विचारत नाही. तराजू न समजणारं गिऱ्हाईक सगळ्यांनाच सोयीचं असतं. कंपन्या खोटं लिहितात असं मी म्हणत नाही. बिट हे तारेचं जुनं आणि योग्य एकक आहे. पण साडेबारापेक्षा शंभर हा आकडा होर्डिंगवर चांगला दिसतो, म्हणून तो बदलावा असं कोणाला वाटत नाही, एवढंच.

मोबाइलच्या प्लॅनमध्ये तर दोन्ही बी एकाच ओळीत नांदतात. 'रोज दीड जीबी, त्यानंतर ६४ केबीपीएस' हा मजकूर आपण सगळ्यांनी वाचलाय. पहिला आकडा बाइटचा, दुसरा बिटचा. जरा मांडून बघू. ५जी वर चांगल्या जागी सेकंदाला ३०० मेगाबिट मिळाले असं धरलं, तर दीड जीबी म्हणजे १२ हजार मेगाबिट, भागिले ३००, बरोबर चाळीस सेकंदांत दिवसाचा कोटा खलास. त्यानंतर ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. तीन एमबीचा एक फोटो पाठवायला सहा मिनिटांच्या वर. चाळीस सेकंदांत उडालेला तो दीड जीबी या वेगाने उतरवायला बावन्न तास लागतील. एकाच प्लॅनच्या दोन टोकांमधलं हे अंतर जाहिरातीत शोधून सापडत नाही, कारण ते दिसायला आधी एकक बदलावं लागतं.

सरकारी व्याख्यासुद्धा बिटमध्येच आहेत. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड असं ठरलं, म्हणजे ३२ किलोबाइट. पाच एमबीचं एक गाणं उतरायला अडीच मिनिटांच्या वर. २०१३ ला ते ५१२ झालं आणि २०२३ ला २ मेगाबिट. शाळेत असताना मी रात्रीचं नेट फुकट असायचं म्हणून दोनचा गजर लावणारे मोठे भाऊ पाहिले आहेत. त्या पिढीला आठने भागायला कोणी शिकवावं लागलं नाही. टक्केवारीची पट्टी किती वेळात सरकते याचा त्यांचा अंदाज आमच्या ऑफिसातल्या डॅशबोर्डपेक्षा चांगला होता. :)

आठने भागलं तरी उत्तर पूर्ण जुळत नाही, हेही सांगायला हवं. तारेवरून तुमच्या फाइलबरोबर पत्ते, शिक्के आणि पाकिटंही जातात. साध्या इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मजकूर असतो, पण तार व्यापली जाते १५३८ बाइटची. त्या १५०० मधलेही काही आयपी आणि टीसीपीच्या पत्त्यांत जातात आणि हाती १४४८ उरतात. म्हणून सेकंदाला १००० मेगाबिटच्या तारेवर मोजलं की ९४१ येतात. हा ९४१ आकडा नेटवर्कवाल्या माणसाला दाखवून बघा, त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरेल. वायफायवर गळती याहून बरीच जास्त. शिवाय राउटरच्या खोक्यावरचा '१२००' हा आकडा बहुतेक वेळा दोन वेगळ्या बँडची बेरीज असतो, ३०० आणि ८६७, आणि मग वर थोडं गोल केलेलं. फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो. म्हणजे स्वयंपाकघरातला आणि मोरीतला नळ दोन्हींचं पाणी मोजून एका नळाची जाहिरात केल्यासारखं.

म्हणून मी घरच्यांना आठऐवजी सरळ दहाने भागायला सांगतो. शून्य काढायचं की झालं. शंभरच्या प्लॅनला सेकंदाला दहा एमबी येत असतील तर गप्प बसा, चार येत असतील तर भांडा. (यूएसबी ३.० आणि साटा यांच्या बाबतीत तर दहाने भागणं अगदी काटेकोर आहे, कारण तिथे प्रत्येक आठ बिटसाठी तारेवर दहा पाठवले जातात. म्हणून ५ गिगाबिटचे ५०० आणि ६ गिगाबिटचे ६०० मेगाबाइट.)

आता हजार आणि १०२४ चं भांडण. यावर लोक रात्र रात्र वाद घालतात, पण वेगाच्या बाबतीत ते सोपं आहे. नेटवर्कवर किलो म्हणजे हजारच. १०२४ हा मेमरीचा किलो. गंमत डिस्कपाशी होते. बनवणारा हजारने मोजतो, विंडोज १०२४ ने मोजून दाखवतं, आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबीची दिसते. हे आपल्या तोळ्यासारखं आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफाचा १० ग्रॅमचा, नाव मात्र तेच. आजीच्या पाटल्या किती तोळ्यांच्या यावर घरात वाद होतो तो यामुळेच. १९९८ ला आयईसी या संस्थेने १०२४ वाल्यांसाठी किबी, मेबी, गिबी अशी नवी नावं काढली. नावं ऐकून बारशाला आल्यासारखं वाटतं. आपल्या सरकारने १९५७ ला दशमान नाणी आणली तेव्हा जुना पैसा रुपयाला ६४ आणि नवा १०० होता, म्हणून नाण्यावर 'नये पैसे' असं छापलं. जुनी नाणी गेली आणि १९६४ ला 'नये' हा शब्दही गेला. किबी-मेबीचं तसं झालं नाही, कारण जुनं नाणं कोणी बाजारातून काढलंच नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी. तिच्यातला एमबी म्हणजे हजार गुणिले १०२४. ना धड हा, ना धड तो. असो.

सामान्य माणसाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण आपण इंजिनिअर मंडळी काही वेगळं वागत नाही. लोकांचे ईमेल बघा. सगळं छोट्या लिपीत 'एमबीपीएस' लिहिलेलं असतं. आता नियमाने छोटा एम म्हणजे मिली, हजारावा भाग. म्हणजे १०० एमबीपीएस असं सगळं छोटं लिहिलं तर त्याचा अर्थ दर दहा सेकंदांना एक बिट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'नमस्कार' मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हं, एकवीस बाइट, १६८ बिट. या वेगाने नमस्कार पोचायला अठ्ठावीस मिनिटं लागतील. तोवर समोरचा निघून गेलेला असेल.

हा विनोद झाला, पण एका प्रोजेक्टवर याचं पुढे काय झालं ते ऐका. गावोगाव फिरून फोटो अपलोड करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीचं ॲप होतं. टेस्टिंग टीमने कमी वेगाचं नेट कसं असेल ते बघायला लिनक्समधलं टीसी हे टूल वापरलं आणि मर्यादा घातली '२ एमबीपीएस'. आता टीसीची खोड अशी की त्याच्या भाषेत बीपीएस म्हणजे सेकंदाला बाइट! बिट हवे असतील तर 'एमबिट' असं लिहावं लागतं. त्याच्या मॅन्युअलमध्ये ते स्पष्ट आहे, पण मॅन्युअल कोण वाचतं. म्हणजे टेस्ट झाली ती १६ मेगाबिटवर. दोन एमबीचा फोटो एका सेकंदात गेला, पाच सेकंदांचा टाइमआउट भरपूर आहे असं ठरलं, सगळं हिरवं. खऱ्या २ मेगाबिटवर त्याच फोटोला आठ सेकंद लागतात. त्यामुळे गावात प्रत्येक फोटो पाचव्या सेकंदाला तुटायचा आणि पहिल्यापासून परत सुरू व्हायचा. कर्मचारी संध्याकाळी तालुक्याच्या गावी येऊन बस स्टँडवर उभं राहून दिवसभराचे फोटो पाठवत. वर रिपोर्ट गेला की फील्डचे लोक कामं वेळेवर करत नाहीत. दोन महिने हे चाललं.

मला काय हवंय ते सांगतो. कंपन्यांनी बिटमध्ये लिहू नये असं मुळीच नाही. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, '१ जीबी फाइलला इतकी मिनिटं' एवढं लिहा. अपलोडचं वेगळं लिहा. फ्रिजवर आपण तारे छापतोच ना, कोणाला किलोवॅट-तासाचा हिशोब करायला लागत नाही. अमेरिकेत २०२४ ला इंटरनेट प्लॅनसाठी खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असतं तसं लेबल आणलं गेलं, पण वेग तिथेही मेगाबिटमध्येच. वेळ लिहिण्याचा फायदा असा की त्यात बी नाही, हजार-१०२४ नाही, आणि घड्याळ सगळ्यांना कळतं. शंभरच्या प्लॅनला १ जीबी म्हणजे हिशोबाने ८० सेकंद. दीड मिनिट लिहा. त्याला सहा मिनिटं लागायला लागली तर आमची आईसुद्धा फोन करून विचारेल.

दादाने त्याच्या केबलवाल्याकडे हे व्हॉट्सॲपवर लिहून मागितलं. पन्नासच्या प्लॅनला ६० जीबी जायला किती तास लागतील, एवढाच प्रश्न. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "सर, ५० एमबी म्हणजे ५० एमबी."